एच-इंडेक्स किती, आणि पेपरात काय?

मंडळी, हल्ली पाहुण्यांचा परिचय करून देताना पदव्यांच्या आधी सायटेशनचा आकडा सांगतात, म्हणजे इतरांनी त्यांच्या संशोधनाचा उल्लेख किती वेळा केला ते. आत्ता माझी ओळख करून देताना सरांनीही तेच केलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या नेमक्या कशाला पडल्या, ते जरा फळ्यावर मांडून बघू.

या उल्लेखांवरूनच संशोधकाचा एच-इंडेक्स काढतात. समजा एका संशोधकाचे पाच पेपर, म्हणजे शोधनिबंध, आहेत. पहिल्याचा उल्लेख इतरांनी ४० वेळा केला, बाकीच्यांचा १२, ६, ४ आणि १ वेळा. किमान चार वेळा उल्लेख झालेले पेपर चार, म्हणून एच-इंडेक्स चार. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली हे माप काढलं. आता ४० खोडून तिथं ४००० लिहा. इंडेक्स किती? चारच! त्या एका पेपरानं सगळं शास्त्र हलवून सोडलं असलं तरी चारच. आणि हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस गेल्यावरसुद्धा वाढू शकतो.

आमच्या विषयात, म्हणजे मेंदूच्या अभ्यासात, भरमसाट उल्लेख होणारा एक पेपर आहे, १९७१ चा, ओल्डफील्ड यांचा. त्यात मेंदूबद्दल नवा शोध नाही, दहा बाबींची प्रश्नावली आहे. लिहिता कोणत्या हातानं, कात्री कोणत्या हातात धरता, आगकाडी कोणत्या हातानं ओढता, असं. भाषेचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे चालतं, डावखुऱ्यांत ते काही वेळा वेगळं असतं. म्हणून एमआरआयच्या आधी माणूस उजवा की डावखुरा हे नोंदवायचं, आणि पेपरात ओल्डफील्ड यांचं नाव द्यायचं. असे उल्लेख हजारोंनी झालेत. त्यात एक प्रश्न आहे: झाडू धरताना वरचा हात कोणता? लांब दांड्याचा झाडू गृहीत धरलाय. गाडगेबाबांच्या या जिल्ह्यात फडा एका हातानं मारणाऱ्या बाईनं काय उत्तर द्यावं, राजेहो?

आता खऱ्या शोधाकडे येऊ. मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली लंडनचे १६ टॅक्सीचालक तपासले. हजारो रस्ते तोंडपाठ असल्याशिवाय तिथं परवाना मिळत नाही. या चालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे वाटा आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. पेपर जगभर गाजला. पण रस्ते पाठ केल्यानं तो भाग वाढला, की मुळात तो मोठा असलेलेच या धंद्यात टिकले? एकदाच मोजून हे कळायचं नाही. मॅग्वायर थांबल्या नाहीत. सहकारी वूलेट यांच्यासोबत त्यांनी ७९ उमेदवार परीक्षेआधीच मोजले आणि त्यातले ५९ काही वर्षांनी पुन्हा मोजले. पास झालेल्या ३९ जणांत तो भाग वाढला होता, नापासांत नाही. हे २०११ साली छापून आलं. माझ्या मते जास्त मोलाचा पेपर हा दुसरा, कारण खरं उत्तर त्यात आहे. सायटेशन मात्र पहिल्याच्या मानानं कितीतरी कमी.

ओला कापूस काट्यावर जड भरतो, हे तुम्हाला मी काय सांगू. म्हणून खरेदी केंद्रावर आधी ओलावा बघतात, बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. सायटेशनमध्येही ओलावा असतो: आपणच आपले पेपर उद्धृत करायचे, मित्रानं आपले, आपण मित्राचे. पेपर आणि उल्लेखांची नोंद ठेवणाऱ्या स्कोपस या संकेतस्थळावर स्वतःचे उल्लेख वगळून आकडा बघायची सोय आहे. निवड समितीत ती वापरणारे मला फार थोडे भेटले.

पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ च्या नियमांत काढून टाकली. बरं केलं. पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांचं त्या सक्तीवर चांगलंच फावलं होतं.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. २०१७ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये एक अभ्यास आला. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचे एमआरआय काढले. फरक मेंदूच्या वरच्या थरापुरता, कॉर्टेक्सपुरता नव्हता, पार खाली थॅलॅमस या आतल्या भागापर्यंत आणि मेंदूच्या देठापर्यंत दिसला. तिशीतल्या बाईचा मेंदू, अक्षरंही आपलीच. पेपर फुकट आहे, मोबाइलवर उघडतो. सायटेशन किती ते बघू नका. किती जण शिकले, न शिकवलेले किती जण तुलनेला घेतले, आणि मधेच किती गळले, एवढं वहीत उतरवून आणा. मग बोलू.