‘ह्यूमन ट्रॅफिक’ आधी आपण बघू या

नमस्कार मंडळी. जेवणाआधीच्या भाषणाला किती वेळ असतो ते मला ठाऊक आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येते: इथे ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांशी नशेच्या गोळ्यांबद्दल बोलायचं कसं?

१९९९ साली जस्टिन केरिगनचा ‘ह्यूमन ट्रॅफिक’ हा सिनेमा आला. कार्डिफमधले पाच मित्रमैत्रिणी आणि त्यांचा एक वीकेंड. क्लब, नाच, एक्स्टसी नावाच्या नशेच्या गोळ्या, मग कुणाच्या तरी घरी रात्रभर गप्पा. कुणी मरत नाही, कुणी तुरुंगात जात नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांचे चेहरे उतरलेले. सर्टिफिकेट १८चं आहे, त्यामुळे मुलांना दाखवा असं मी म्हणत नाही. तुम्ही बघा.

आपल्याला १९९६चा ‘ट्रेनस्पॉटिंग’ जास्त सोयीचा वाटतो. हेरॉइन, घाण, मृत्यू. ‘बघ, असं होतं’ म्हणायला बरं. पण शनिवारी गोळी घेऊन सोमवारी वेळेत लेक्चरला बसलेला मित्र आपल्या मुलांनी पाहिलेला असतो. त्यांना नुसतं ‘मरशील’ म्हटलं, की आपलं पुढचं खरं बोलणंही त्यांच्या लेखी थापच ठरते. आणि ‘आपल्याकडे असलं काही नसतं’ हे तर म्हणूच नका. गोवा ट्रान्स हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत आपल्या हणजूणच्या किनाऱ्यावरूनच इथल्या क्लबांत पोचलं!

मी फार्मसिस्ट आहे, म्हणून सिनेमात नसलेलं थोडं सांगते. नव्वदच्या दशकात एका गोळीत साधारण ५० ते ८० मिलिग्रॅम एमडीएमए, म्हणजे एक्स्टसीतलं नशा आणणारं द्रव्य, असायचं. पुढे सरासरी १२५च्या आसपास गेली, काही गोळ्यांत त्याच्या दुपटीहून जास्त सापडलं. म्हणजे ‘एकच तर घेतली’ याला काही अर्थ उरत नाही. १९९५मध्ये एसेक्समधली एक मुलगी अठराव्या वाढदिवसाच्या पार्टीत गोळी घेतल्यावर वारली, ती प्रत्यक्षात अति पाणी प्यायल्याने. हे औषध शरीराला जादा पाणी बाहेर टाकू देत नाही. रक्तातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येते. ‘भरपूर पाणी पी’ हा मैत्रिणींचा सल्ला म्हणून अर्धवट. तासाला एका पाइंटपेक्षा, म्हणजे साधारण अर्ध्या लिटरपेक्षा, जास्त नाही, तेही घोट घोट.

कायद्याचंही सांगा. मैत्रिणीला फुकट दिलेली गोळीसुद्धा इथे पुरवठाच धरतात, आणि एक्स्टसी ‘क्लास ए’ या सर्वांत कडक शिक्षेच्या वर्गात आहे.

सिनेमातल्या पाचांपैकी मॉफचे वडील पोलीस अधिकारी. घरात त्याचं कुणाशी धड बोलणं नाही. आपल्यातले बरेच बाबा पोलीस नसूनही तसेच वागतात, रागावू नका. मित्र कोसळला तरी ‘घरी कळेल’ म्हणून मुलं अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ९९९ लावायला कचरतात. त्यांना आजच सांगा: आधी फोन कर, काय घेतलंय ते पॅरामेडिकला खरं सांग, मग मला बोलव. प्रश्न दुसऱ्या दिवशी.

ज्यांना आईबाबांना फोन करवणार नाही, त्यांच्यासाठी मंडळातले दोन-तीन काका-मावश्या हवेत, रात्री गाडी काढायची तयारी असलेले. नावं जेवताना माझ्याकडे द्या. नशेच्या पदार्थांबद्दल माहिती देणाऱ्या ‘फ्रँक’ या सेवेची हेल्पलाइन ०३०० १२३ ६६०० आहे, पालकांनीही तिथे बिनधास्त विचारावं.