लाल मणी सरकला तर

हे उपकरण जवळून बघा. मिनिटभर चालणारं वाळूचं घड्याळ आणि त्याच्या शेजारी ओवलेले मणी. बाळाचं पोट वरखाली होतंय, तिकडे नजर ठेवायची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया धरून औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ही मर्यादा मिनिटाला ६० श्वासांची. गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं, पण दहापर्यंत येत होतं. डॉ. अभय बंग यांनी तेवढ्यावर हे साधन बसवलं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' संस्था सुरू केली. न्यूमोनियाला उत्तर सापडत होतं, पण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच बाळं दगावत होती. म्हणून १९९५ साली ३९ गावांत नवजात बाळांच्या घरोघरी नोंदी सुरू झाल्या. काय बिघडतं, कोणत्या दिवशी बिघडतं, हे आधी समजून घ्यायचं होतं. उपचार त्यानंतर.

आता या ताईंचं काम बघा. आधी साबणाने हात, अगदी कोपरापर्यंत. मग काखेत थर्मामीटर. बाळ झोळीत, झोळी काट्याला. वजन कमी भरलं तर उबेसाठी ही शिवलेली पिशवी. आरोग्यदूत म्हणून निवडलेल्या बाया गावातल्याच होत्या, शाळेत पाच ते दहा वर्षं गेलेल्या. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही त्या शिकल्या.

कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई कशी द्यायची? शंका रास्त होती. पण पावसाळ्यात नाल्याला पूर आलेला, दवाखाना पलीकडे, रात्रीची वेळ. तेव्हा त्या बाळापाशी दुसरं होतं तरी कोण?

तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्यूदर तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला.

२०११ साली केंद्र सरकारने नवजात बाळाची घरोघरी काळजी देशभरातल्या आशाताईंकडे सोपवली. पहिल्या ४२ दिवसांत दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात. ही सातवी, जास्तीची भेट जन्माच्याच दिवशी द्यायची असते.