कृष्णाकाठची मोटार

एप्रिलमधली सकाळ आहे. सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या शिवारात कृष्णेचे पाणी पात्राच्या मध्याकडे सरकले आहे आणि काठाच्या उतारावर, पत्र्याच्या पेटीशेजारी, ५ अश्वशक्तीची एक मोटार चालू आहे. तिचा आवाज नेहमीसारखाच आहे, पण वर उसाच्या सरीत अजून थेंबही पोहोचलेला नाही. तीन दिवसांपूर्वी वळवाच्या पावसात विजेच्या तारा तुटल्या होत्या. काल संध्याकाळी लाइन जोडली गेली आणि आज वीज आल्यापासून ही अवस्था आहे. काठावर जमलेल्यांपैकी एकाच्या मते मोटार जळाली आहे, तर दुसऱ्याला इम्पेलर, म्हणजे पंपातले पाणी फेकणारे चाक, गेल्याची खात्री वाटते. ज्यांची ही मोटार आहे ते आण्णा मात्र पाना हातात घेण्याआधी स्टार्टरवरच्या अँमीटरकडे, म्हणजे मोटार किती वीजप्रवाह ओढते ते दाखवणाऱ्या काट्याकडे, पाहतात. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी रंगाने ७ हा आकडा लिहून ठेवला आहे. पंप पूर्ण पाणी टाकत असतो तेव्हा काटा तिथे असतो. या क्षणी तो ४ च्याही खाली आहे.

पाणी न येण्याचे कारण पाण्यात आहे की विजेत आहे, हे ठरवण्याची इतकी स्वस्त आणि इतकी दुर्लक्षित दुसरी खूण नसेल. पाणी उचलणे हे मोटारीचे ओझे आहे. ओझे असेल तर ती वीज ओढते आणि पंपात पाण्याऐवजी हवा असेल तर ती हलकी फिरते, म्हणून काटा खाली राहतो. उलट काटा नेहमीच्या आकड्याच्या वर चढला, तर विजेचा दाब (व्होल्टेज) कमी आहे, तीन विजेच्या तारांपैकी एखादी, म्हणजे एखादा फेज, गेला आहे किंवा बेअरिंग धरले आहे, असा संशय घ्यावा लागतो आणि अशा वेळी मोटार ताबडतोब बंद करणे एवढेच आपल्या हाती असते. साधा हिशेब असा, की ४१५ व्होल्टवर चालणारी तीन फेजची मोटार दर अश्वशक्तीमागे अंदाजे दीड अँपिअर घेते. मात्र हा हिशेब ढोबळ आहे. आपल्या मोटारीचा आकडा ती धडधाकट असताना लिहून ठेवलेला असेल, तरच बिघडल्या दिवशी तो उपयोगी पडतो.

काटा खाली आहे, म्हणून शोध नदीच्या दिशेने सुरू होतो. सेंट्रिफ्यूगल (चाक फिरवून पाणी फेकणारा) पंप पाणी ओढून घेतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो नदीत सोडलेल्या सक्शन पाइपमध्ये पोकळी करतो आणि पाणी वर ढकलते ते नदीच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब. हा दाब पाण्याला समुद्रसपाटीवर जेमतेम १० मीटर चढवू शकतो. सांगली सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथे ती मर्यादा आणखी थोडी खाली येते आणि पाइपमधले घर्षण वजा केले, तर पंप पाण्यापासून सहा-साडेसहा मीटरपेक्षा उंच ठेवण्यात अर्थ उरत नाही. म्हणूनच काठावरचे शेतकरी उन्हाळ्यात मोटार खाली नेतात आणि पावसाळ्यात वर ओढतात. मोटार चालू असताना सक्शनच्या बाजूची गळती डोळ्यांना दिसत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि फ्लँजच्या (पाइपच्या जोडाच्या) रबरातली बारीकशी फटही पंप कोरडा पाडायला पुरेशी असते.

आण्णा मोटार बंद करतात, मेन स्विच खाली ओढतात, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेवतात आणि मगच पंपाला हात लावतात. नरसाळ्यातून पाणी भरून पाहिले जाते. पाणी काठोकाठ येते आणि दोन मिनिटांत खाली जाते. जोड कोरडे आहेत, म्हणजे पाणी बाहेर झिरपत नसून फूटव्हॉल्व्हमधून, म्हणजे पाइपच्या नदीतल्या टोकाच्या झडपेतून, परत नदीत जात आहे. दोघे जण गुडघाभर पाण्यात उतरून पाइप उचलतात, तेव्हा जाळीला जलपर्णीच्या मुळ्या गुंडाळलेल्या दिसतात आणि झडपेच्या वॉशरखाली बोटाएवढी काडी अडकलेली सापडते. वीज असेपर्यंत ही गळती कोणाच्या लक्षात आली नाही. तीन दिवसांच्या बंदमध्ये पाइप रिकामा झाला आणि दोष उघडा पडला.

वॉशर साफ होतो, पंप पुन्हा भरला जातो आणि या वेळी पाण्याची पातळी जागची हलत नाही. किटकॅट बसवून मोटार सुरू केली जाते. पाणी येते, पण त्याला जोर नाही. निम्म्या चढावर येऊन ते थबकते. काटा आता ५ आणि ६ यांच्यामध्ये आहे आणि त्यावरून स्पष्ट काही सांगता येत नाही. एक दोष सापडला की शोध तिथेच थांबवण्याचा मोह होतो आणि बहुतेक मोटारी अशाच वेळी विनाकारण उघडल्या जातात. याच वेळी वरच्या बाजूच्या शेजाऱ्याचा फोन येतो. त्यांच्याकडेही पाणी कमी आहे. त्यांच्या पलीकडच्या मळ्यातही तेच. एकाच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) तीन मोटारी एकाच सकाळी एकसारख्या बिघडत नाहीत. आण्णा मोटार बंद करून ती थांबत असताना पंख्याकडे पाहतात. पंपाच्या अंगावरचा बाण उजवीकडे वळतो आणि पंखा डावीकडे फिरत असतो.

लाइन जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली आहे. तीनपैकी कोणत्याही दोन फेजची जागा बदलली की मोटार उलटी फिरते. पंप उलटा फिरला तरी थोडे पाणी टाकतोच, त्यामुळे दोष लपून राहतो.

मोटार सुरूच झाली नसती, नुसती हुं करून थांबली असती, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा एक फेज गेलेला असतो. फिरत्या मोटारीचा फेज गेला तर ती फिरत राहते आणि उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह ओढत काही वेळात जळते. स्टार पद्धतीने जोडलेल्या मोटारीच्या वायंडिंगचे, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळ्यांचे, दोन गट काळे पडतात आणि तिसरा कोरा राहतो. ही खूण वाचून रिवाइंडिंगवाला कारण सांगू शकतो. एक फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर या हानीपासून वाचवतो. तो बायपास करणे, जास्त प्रवाह झाला की मोटार बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेचा आकडा वाढवून ठेवणे किंवा फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळणे म्हणजे मोटार आणि माणूस दोघांनाही उघड्यावर सोडणे आहे. ओल्या काठावर, अर्थिंग तुटलेल्या पेटीला हात लागून गेलेले जीव या भागाने पाहिले आहेत.

पुराने बुडालेल्या मोटारीबद्दलही सांगितले पाहिजे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. ज्या मोटारी वेळेत वर ओढता आल्या नाहीत, त्या गाळाखाली गेल्या. अशी मोटार पाणी ओसरल्यावर लगेच सुरू करू नये. ती उघडावी, गाळ गोड्या पाण्याने धुवावा, बेअरिंगे बदलावीत, वायंडिंग मंद उष्णतेवर वाळवावे आणि ५०० व्होल्टच्या मेगर या मापकाने इन्सुलेशन तपासून किमान १ मेगओहम मिळाल्यावरच वीज द्यावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ज्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली, तिथे हे काम जाणणारे कारागीर गावोगाव आहेत. घाई तेवढी आवरावी लागते.

आण्णांच्या मोटारीचा उपाय पाच मिनिटांचा आहे. स्टार्टरमधून मोटारीकडे जाणाऱ्या दोन तारा उलटसुलट केल्या की काम होईल. तरुण पुतण्या स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे येतो, पण आण्णा त्याला थांबवतात. तिघांनी आपापल्या पेटीत तारा बदलल्या आणि उद्या कोणी खांबावरची चूक दुरुस्त केली, तर तिन्ही मोटारी पुन्हा उलट्या फिरतील. खांबावर चढणे हे त्यांचे काम नाही. लाइनमनला फोन जातो. त्याची वाट पाहताना आण्णा ग्लँडचे, म्हणजे शाफ्ट पंपात शिरतो तिथल्या जोडाचे, नट तपासतात. त्यातल्या दोरीच्या पॅकिंगमधून अधूनमधून थेंब पडला पाहिजे, कारण कोरडी दोरी शाफ्ट खाते, म्हणून ते नट अर्धा आटा सैल करतात.

लाइनमन दुपारी तीनला येतो, वीजपुरवठा बंद करून खांबावर दोन तारा बदलतो आणि खाली उतरून हात वर करतो. या पाळीची वीज पाच वाजता जाणार आहे. मोटार सुरू होते, पंखा बाणाच्या दिशेने फिरतो आणि काटा ७ वर जाऊन थांबतो. थोड्या वेळाने वरच्या बांधावरून पुतण्याची हाक येते, "आण्णा, पाणी आलं!" आण्णा त्याला पहिली सरी सोडून चौथीपासून पाणी धरायला सांगतात. तिथला ऊस जास्त वाळला आहे आणि हातात दोनच तास आहेत.