गळकं छप्पर आणि चार जणांची शाळा

नमस्कार मंडळी. मागच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या झेडपी शाळेत तिसरीच्या वर्गात दोन बादल्या मांडलेल्या, आणि पोरं त्या बादल्यांच्या मधे दाटीवाटीने बसून पाढे म्हणत होती, वरून टप टप चालूच. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणून हेडसरांना विचारलं तर ते म्हणाले ग्रामपंचायतीला सांगा, सरपंच म्हणाले इमारत झेडपीची, आणि तालुक्याला गेलो तर तिथं म्हणे प्रस्तावच आलेला नाही! सगळे आपापल्या जागी बरोबर हो, पण गळायचं ते गळतंच होतं.

आता ही समिती म्हणजे काय, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली. निदान पाऊण सदस्य पालक पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत. खरं सांगू का, कित्येक गावांत रजिस्टरच घरोघर सह्यांना फिरतं, झाली मीटिंग. आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं वर्षाचं अनुदान, तीसपर्यंत पट असला तर जास्तीत जास्त १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, त्यातच खडू, लाईटबिल, फिनेल.

मग आम्ही एक केलं, हेडसर, सरपंच, ग्रामसेवक आणि बांधकामचे इंजिनिअर, सगळ्यांना एकाच दिवशी शाळेत बोलावलं, तेही भर पावसात. इंजिनिअर साहेब स्वतः शिडीवर चढले आणि वरूनच ओरडले, अहो पत्रे ठणठणीत आहेत, हुकांचे वायसर सडलेत! आम्ही वर्षभर नव्या पत्र्यांसाठी अर्ज करत होतो. सामान पंचायतीने दिलं, वेल्डिंगवाल्या एका पालकाने दोन दिवसांत काम उरकलं.

मागची जुनी खोली मात्र अजून तशीच आहे, ती पाडायला निर्लेखनाची, म्हणजे खोली कागदोपत्री बाद करायची मंजुरी लागते, ते काय आपल्या हातात नाही. पण कुलूप लावलं आणि पोरांना तिकडं फिरकू देत नाही. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात पिपलोदीच्या सरकारी शाळेचं छत कोसळून ७ मुलं गेली, ते ऐकल्यापासून आमच्यात कुणी वाद घालत नाही.

राहिला मुलींच्या संडासाचा प्रश्न. बांधलेला आहे, पाणी आहे, पण कायम बंद, कारण किल्ली कुणाकडे हेच ठरेना. शेवटी समितीतल्या एक ताई म्हणाल्या, द्या माझ्याकडं, माझं घर शाळेच्या भिंतीलाच आहे. आता रोज सकाळी दहाला त्याच उघडतात.