पहाटे चारचे हॉर्न

श्रोतेहो, नमस्कार. ॲपवर टॅक्सी पुरवणाऱ्या कंपनीने बिनड्रायव्हरच्या गाड्या घ्याव्यात का? विषय हा. पण आधी एक किस्सा.

२०२४ साल, सॅन फ्रान्सिस्को. तिथे वेमो कंपनीच्या टॅक्सी ड्रायव्हरशिवाय फिरतात. गिऱ्हाईक नसलं की त्यांनी थांबायचं कुठे? कंपनीने उंच उंच इमारतींच्या मध्ये एक पार्किंग घेतलं. झालं! पहाटे चारला गाड्या मुक्कामाला आल्या आणि एकमेकींवर हॉर्न वाजवू लागल्या. यातही माणूस नाही, त्यातही नाही, आणि भांडण मात्र जोरात! कारण काय, तर कंपनीनेच सोय केली होती: कुणी रिव्हर्स घेत अंगावर येऊ लागलं, की हॉर्न द्यायचा. रस्त्यावर सोय चांगली. पण पार्किंगमध्ये सगळ्याच रिव्हर्स घेणार! वर राहणाऱ्यांच्या झोपेचं खोबरं. एकीने तर खिडकीत कॅमेरा लावून हा तमाशा इंटरनेटवर थेट दाखवला. शेवटी कंपनीला सॉफ्टवेअर बदलावं लागलं.



मुद्दा पार्किंगचा आहे. आज ऊबरचा ड्रायव्हर गाडी स्वतःच्या दारात लावतो. हप्ता त्याचा, इंधन त्याचं, धुणं-पुसणं त्याचं. ड्रायव्हर गेला, की हे सगळं कुणाच्या तरी गळ्यात पडणार. थोडक्यात सांगतो: ड्रायव्हरचा वाटा वाचेल, खर्च जाणार नाही.

ऊबरने स्वतः बिनड्रायव्हरची गाडी बनवायचा घाट घातला होता. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात, टेम्पी इथे, तिच्या चाचणीतल्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईचा जीव घेतला. आत देखरेखीला माणूस असूनही! २०२० च्या डिसेंबरात ऊबरने गाडी बनवणारा तो विभाग ऑरोराकडे, म्हणजे बिनड्रायव्हर गाड्यांचं तंत्र बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, सोपवायचं ठरवलं. आता २०२५ पासून अमेरिकेतल्याच ऑस्टिन, अटलांटात ऊबरच्या ॲपवर वेमोच्याच गाड्या येतात. साफसफाई, दुरुस्तीची व्यवस्था ऊबरकडे. म्हणजे बघा, धुणं-पुसणं आलंच!

माझं मत विचाराल, तर घ्याव्यात, पण अशाच, दुसऱ्याने बनवलेल्या, आणि मोजक्या. आपल्याकडे नितीन गडकरींनी २०२३ मध्येच सांगितलं, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील, असल्या गाड्या येऊ देणार नाही. तेव्हा तूर्तास आपल्या सोसायटीत पहाटे चारला हॉर्न वाजला, तर खाली जाऊन भांडायला माणूस सापडेल.