राजकारण सोडून बोला

नमस्कार मंडळी. अमेरिकेतून तुमच्या निमंत्रणाचा फोन आला तेव्हा एकच अट होती. "खेळावर काहीही बोला, फक्त राजकारण नको. नाहीतर जेवताना टेबलं वेगळी होतात." मी हो म्हणून बसलो. मग कागद घेऊन बसलो, तर राजकारण वगळून सांगण्यासारखी गोष्टच सापडेना. तेव्हा अट मोडतोय, टेबलांचं तुम्ही बघा.

तसे आम्ही नागपूरकर याला सरावलेले. दसऱ्याला रेशीमबागेत संघाचा उत्सव, आणि दीक्षाभूमीवर देशभरातून आलेली माणसं. मधलं अंतर सायकलवर कापता येतं. माझं आयुष्य खेळाच्या पानावर गेलं, पण बातमी आणायला जाताना दोन्हीकडची गर्दी चुकवूनच जावं लागायचं.

आमच्या गावात जन्मलेले सी. के. नायडू १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार झाले. नागपूरकर हे सांगताना छाती फुगवतो. त्याच दौऱ्याच्या निवड चाचणीला विजय मर्चंट गेलेच नाहीत, हे मात्र आम्ही सांगत नाही. गांधीजी आणि इतर नेते तुरुंगात असताना खेळायला जायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. वय विशीचं, आणि समोर इंग्लंडचा दौरा! नायडू गेले म्हणून ते कमी देशभक्त ठरले का? मला तसं वाटत नाही. पण मर्चंटना "पोरा, तू फक्त बॅट धर" असं सांगायचा अधिकार कुणाला होता?

आणि लिहिणारे? मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी असे धर्मावर संघ पाडून पंचरंगी सामने व्हायचे. तुडुंब गर्दी. बॉम्बे क्रॉनिकलचे क्रीडा संपादक जे. सी. मैत्रा त्याविरुद्ध लिहीत राहिले. धावफलक छापून घरी जाणं सोपं होतं.

तुमच्या इथला अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन कॅपरनिक मी काय सांगू. २०१६ मध्ये वर्णद्वेषाच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला आणि त्या हंगामानंतर एनएफएलचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनावरून सचिननं ट्वीट केलं, तेव्हा अर्धे लोक म्हणाले, खेळाडूनं यात पडू नये. २०२३ मध्ये विनेश, साक्षी, बजरंग हे कुस्तीगीर जंतरमंतरवर धरणं धरून बसले, तेव्हा उरलेल्या अर्ध्यांनी तेच ऐकवलं.

सचिनच्या ट्वीटचाच तो महिना. वसीम जाफरनं उत्तराखंड क्रिकेट संघाचं प्रशिक्षकपद सोडलं, निवडीत ढवळाढवळ होते म्हणून. लगेच तिथल्या पदाधिकाऱ्यांकडून आरोप आले की हा धर्म बघून पोरं निवडतो. त्यानं पत्रकारांपुढे येऊन ते साफ नाकारलं. अनिल कुंबळेनं जाहीरपणे लिहिलं, मी तुझ्यासोबत आहे.

जाफर मुंबईचा, पण आमच्यासाठी तो विदर्भाचा. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली, तेव्हा खेळपट्टीवर तोच होता. त्याच मार्चमध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर इराणी करंडकात २८६ धावा. वय चाळीस! पुढच्या हंगामात १०३७ धावा आणि पुन्हा रणजी. त्याच्या स्ट्रेट ड्राइव्हवर मी पानंच्या पानं लिहिली. मनगटाचं वर्णन करताना तर विशेषणं संपायची.

पण त्याच्यावर ते आरोप झाले, त्या आठवड्यात मी एक ओळ लिहिली नाही. कुणी अडवलं नव्हतं, हे खरं दुखणं. संपादकांनी नको म्हटलं असतं तर निदान सांगायला झालं असतं. मीच मनाशी म्हटलं, हा खेळाचा विषय नाही, राजकारणाचा आहे, राजकीय पानवाले बघतील. त्यांनी बहुधा म्हटलं असेल, खेळाचा आहे.

कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाताना एक जुना मित्र भेटला. क्लब क्रिकेटमध्ये पंच असायचा. पेपर घडी करून बाजूला ठेवत म्हणाला, "काऊन बे, त्याच्या दोनशे शहाऐंशीवर अर्धं पान लिहिलं होतं नं तू? आता त काहीच नाही लिहून राहिला." मी तर्री जास्त तिखट झाल्याचं काहीतरी बोललो. त्यानं पैसे दिले आणि गेला.

तो लेख अजून लिहायचाच आहे. पहिला कच्चा खर्डा तुम्ही आत्ता ऐकलात.