ठाण्याची तूट कुठे लपते?

(दृश्य: पाचपाखाडी, महापालिका मुख्यालय)

ठाणे शहराचा जमाखर्च इथे ठरतो. पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवा, असं कायदा सांगतो. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथून ते महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत जातं. गाडी अडते ती इथे. पाणीपट्टी वाढवायचा प्रस्ताव आला की सत्ताधारी आणि विरोधक मिळून तो फेटाळतात, नाहीतर तहकूब ठेवतात. आपापल्या प्रभागातली कामं घुसवणाऱ्या उपसूचना मात्र भराभर मंजूर होतात.

मग तूट जाते कुठे? केंद्र सरकार तूट उघड दाखवतं आणि कर्ज काढतं. महापालिकेला तूट दाखवायची मुभा नाही, तिला वर्षअखेर शिल्लक दाखवावीच लागते. म्हणून जमेची बाजू फुगते. मालमत्ता कर इतका येईल, शहर विकास विभागाकडून तितकं शुल्क येईल. ते आलं नाही, तरी कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचे आदेश, निघालेले असतात.

(दृश्य: किसननगर, गटाराचं काम)

असं एखादं गटार घ्या. काम पुरं होतं, अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो, बिल लेखा विभागात जातं आणि तिथेच पडून राहतं, कारण तिजोरीत पैसे नसतात. अशी थकलेली बिलं म्हणजे पालिकेचं दायित्व. शहराची खरी तूट ती हीच. पुढच्या वर्षी आलेला पैसा नव्या कामाआधी तिच्यातच जातो.

पूर्वी जकात होती, नाक्यावर रोजचा पैसा रोज जमा व्हायचा. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये त्यातून बहुतेक व्यापारी सुटले. २०१७ पासून राज्य सरकार जीएसटीपोटी भरपाई देतं, दरवर्षी ८ टक्के वाढवून. हा आधार मोठा आहे, पण त्याची दोरी मंत्रालयाच्या हातात. ठाण्याकडे उरले मुख्यतः मालमत्ता कर आणि पाणीपट्टी, आणि त्यांनाच हात लावायला कुणी धजत नाही.

मार्च २०२२ नंतर सभागृहात नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. तरीही २०२५-२६ चं ५,६४५ कोटींचं अंदाजपत्रक करवाढीविनाच आलं.

(दृश्य: नरेंद्र बल्लाळ सभागृह)

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि १३१ नगरसेवक निवडून आले. करवाढ नको म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण मग कुठलं काम थांबवायचं, हेही त्यांनी महासभेत उभं राहून सांगावं. आणि थकलेल्या बिलांचा आकडा अंदाजपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापायला लावावा.